जुनी कंपनी पत्र देत नाही, तेव्हा

नव्या नोकरीचं ऑफर लेटर येतं आणि त्यात एक अट असते: रुजू होताना आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र सोबत आणावं. बऱ्याच जणांची झोप इथूनच उडते. जुन्या ऑफिसात फोन लावला की कधी साहेब मीटिंगमध्ये असतात, कधी अकाउंट्सचा क्लिअरन्स आलेला नसतो, तर कधी पुढच्या आठवड्यात बघू असं सांगितलं जातं. हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी असो, भोसरीतलं वर्कशॉप असो, खासगी शाळा असो की नर्सिंग होम, उत्तरं फारशी बदलत नाहीत. इकडे नवी कंपनी तारखेवर अडून बसते. चार-पाच वर्षं केलेलं काम एका सहीवाचून झालंच नव्हतं की काय, असं वाटायला लागतं.

तसं वाटून घेऊ नये. सही त्यांच्याकडे असली, तरी तुमच्या नोकरीचा पुरावा त्यांच्या एकट्याच्या ताब्यात नसतो. तो भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत आहे, आयकर खात्याकडे आहे, बँकेच्या पासबुकात आहे आणि तुमच्यासोबत काम केलेल्या माणसांकडेही आहे. तो कुठून गोळा करायचा आणि सहीसाठी रीतसर भांडायचं कसं, हे ठाऊक असलं की निम्मी हतबलता ओसरते.

आधी कागद वेगवेगळे ओळखले पाहिजेत, कारण मागताना सगळ्यांची गल्लत होते. राजीनामा स्वीकारून अमुक तारखेला कामातून मुक्त केलं, असं सांगतं ते रिलीव्हिंग लेटर. कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत काम केलं, हे सांगतं ते अनुभवाचं प्रमाणपत्र. राहिलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि तुमच्याकडून येणं असलेली रक्कम यांचा शेवटचा हिशेब म्हणजे फुल अँड फायनल. आणि रेफरन्स म्हणजे तुमच्या कामाबद्दल कुणीतरी आपल्या शब्दांत दिलेला अभिप्राय. पहिले दोन कागद नोंदीतल्या वस्तुस्थितीचे आहेत आणि ते मागताना संकोच बाळगायचं कारण नाही. रेफरन्स हे मत आहे. ते कुणाकडूनही जबरदस्तीनं घेता येत नाही आणि घेतलं तरी उपयोगाचं नसतं.

नकार मिळाला की त्यामागचं कारण शोधावं. अनेक मोठ्या कंपन्यांचं धोरणच असं असतं की माजी कर्मचाऱ्याबद्दल फक्त तारखा आणि पदनाम सांगायचं, कामाविषयी चकार शब्द नाही. या सावधपणामागे कायद्याचा इतिहास आहे. 1994 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात ठरवलं की, रेफरन्स देणाऱ्या मालकानं तो काळजीपूर्वक दिला पाहिजे आणि निष्काळजीपणे लिहिल्यामुळे माजी कर्मचाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. जितकं कमी बोलू तितकं बरं, हा पवित्रा कंपन्यांच्या कायदा विभागांना त्यामुळे सोयीचा वाटतो. तेव्हा तुमचे जुने मॅनेजर ‘मला लेटरहेडवर लिहून देता येणार नाही’ म्हणाले, तर ते तुमच्यावर नाराज आहेत असं लगेच समजू नका.

खरी अडवणूक निराळी असते. ती बहुतेक वेळा नोटीस पीरियडवरून सुरू होते. तीन महिन्यांची नोटीस, नव्या कंपनीला माणूस एका महिन्यात हवा आणि जुनी कंपनी नोटिशीचे पैसे भरूनही सोडायला तयार नाही. किंवा ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड असतो. कधी मालकाचा नुसता राग असतो, आम्ही शिकवलं आणि हा निघाला. अशा वेळी सर्वांत घातक गोष्ट घडते ती नोंदीत. राजीनामा दिलेल्या माणसापुढे ‘अ‍ॅब्स्कॉन्डिंग’ असा शेरा मारला जातो, म्हणजे न सांगता पळून गेला. नव्या कंपनीनं नेमलेली पडताळणी संस्था जुन्या कंपनीला रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पदनाम, सोडण्याचं कारण, काही येणं बाकी आहे का आणि या माणसाला पुन्हा घ्याल का, असे प्रश्न विचारते. तिथे हा शेरा पोचला की ऑफर अडते.

म्हणून राजीनामा तोंडी कधीच देऊ नये. ई-मेलनं द्यावा, त्यात शेवटचा दिवस लिहावा आणि त्याची एक प्रत आपल्या खासगी ई-मेलवर ठेवावी, कारण कंपनीचं खातं शेवटच्या दिवशी बंद होतं. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या परत केल्याची पोच घ्यावी. काम कुणाकडे सोपवलं, हे दोन ओळींच्या मेलनं कळवून ठेवावं. पुढे शेरा खोटा ठरवायला एवढे कागद पुरतात. कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा ग्राहकांच्या याद्या मात्र स्वतःकडे घेऊ नयेत, नाहीतर वादात तुमचीच बाजू लंगडी पडते.

आता कायदा. प्रत्येक कर्मचाऱ्याला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे, असं सरसकट सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. जर्मनीत तो आहे. तिथल्या व्यवसायविषयक कायद्याच्या कलम 109 प्रमाणे नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रमाणपत्राचा हक्क आहे. त्यात काम आणि वर्तणुकीविषयी लिहा, अशी मागणीही त्याला करता येते आणि वरवर गोड पण आत टोचणारी सांकेतिक भाषा वापरायला कायद्यानंच मनाई आहे. आपल्याकडे 1946 च्या केंद्रीय नियमांसोबतच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, कायम कामगाराला सेवा संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद होती, पण ती औद्योगिक आस्थापनांपुरती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांचं बंधन 300 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतं उरलं. लहान कारखान्यातल्या आणि ऑफिसातल्या माणसासाठी ही मोठी उणीव आहे. महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्यानं ती स्वतःच्या नियमांतून भरून काढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही कायदा अगदीच हात वर करत नाही. वेतन संहितेच्या कलम 17 नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. त्यामुळे ‘हिशेबाला तीन महिने लागतात’ हे उत्तर वेतनापुरतं तरी चालत नाही. वेतनचिठ्ठी देणंही याच संहितेनं मालकावर बंधनकारक केलं आहे. नोटिशीचे पैसे भरले नाहीत म्हणून भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणंही ठरलेली आहेत: मालमत्तेचं नुकसान, हिंसक किंवा दंगेखोर वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशी. लवकर नोकरी सोडणं त्यांत बसत नाही.

बाँडबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे एखाद्याला त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. तेव्हा नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट सहसा टिकत नाही. पण याचा अर्थ बाँड म्हणजे नुसता कागद, असा घेऊ नये. विजया बँकेच्या प्रकरणात 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख रुपये भरा, ही अट वैध ठरवली. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती या सगळ्याचा खर्च पडतो, हे न्यायालयानं विचारात घेतलं. रक्कम वाजवी असावी लागते आणि करार कायद्याचं कलम 74 त्यासाठीच आहे. मालक पैशांचा दावा करू शकतो, पण तुम्हाला जबरदस्तीनं कामावर ठेवण्याचा हुकूम त्याला न्यायालयाकडून मिळत नाही. बाँडची रक्कम खरोखर देय असेल, तर वाटाघाट करून, ‘हक्क राखून’ असं लिहून ती भरावी आणि मोकळं व्हावं. नवी नोकरी त्या वादापेक्षा मोलाची असते.

सरकारी नोंदींचा भाग सर्वांत उपयोगाचा आहे, आणि नेमका तोच लोकांना कमी माहीत असतो. 2014 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं प्रत्येक सदस्याला यूएएन हा कायम क्रमांक दिला. संघटनेच्या पोर्टलवर शिरलं की ‘सर्व्हिस हिस्टरी’ दिसते: कोणत्या आस्थापनेत कधी रुजू झालात, कधी सोडलंत. पासबुकात महिन्यावार वर्गणी असते. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला हा निधी लागू होतो, त्यामुळे संघटित क्षेत्रातल्या बहुतेकांची ही नोंद असते. आज पडताळणी करणाऱ्या संस्था ही नोंदही पाहतात, कारण ती मालकाच्या मर्जीवर बदलत नाही.

अडवणूक करणारी कंपनी इथेही एक गोष्ट करते, ती सोडल्याची तारीखच भरत नाही. मग नव्या कंपनीत वर्गणी सुरू झाली की तुम्ही एकाच वेळी दोन नोकऱ्या करता, असं चित्र दिसतं. जानेवारी 2020 पासून सदस्याला ही तारीख स्वतः भरता येते. पोर्टलवर ‘मॅनेज’खाली ‘मार्क एक्झिट’ आहे. अट एवढीच की जुन्या कंपनीची शेवटची वर्गणी भरून दोन महिने झालेले असावेत, आणि तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की काम झालं. तारीख भरण्याआधी राजीनाम्यातल्या तारखेशी ताडून घ्या, नंतरची दुरुस्ती किचकट असते. वर्गणी पगारातून कापली पण भरलीच नाही, असं पासबुकात दिसलं तर संघटनेच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंद करा. अशा तक्रारीनंतर अडून बसलेला एचआर विभाग बोलायला तयार होतो, असंही अनेकदा घडतं.

दुसरा भक्कम आधार आयकर खात्याचा. पगारातून कर कापला गेला असेल, तर फॉर्म 26एएसमध्ये कंपनीचं नाव, तिचा टॅन क्रमांक आणि रक्कम दिसते. हे कंपनीनं स्वतःच सरकारला कळवलेलं असल्यामुळे ती नंतर तुम्हाला ओळखतच नाही असं म्हणू शकत नाही. फॉर्म 16 मिळाला नसला तरी ही नोंद तुम्ही स्वतः उतरवून घेऊ शकता. पगार 21 हजारांच्या आत असेल तर कामगार राज्य विमा योजनेच्या नोंदीतही आस्थापनेचं नाव असतं. त्यावर बँकेचं स्टेटमेंट, नेमणूकपत्र, वेतनवाढीचं पत्र आणि वेतनचिठ्ठ्या. हे सगळे एका पीडीएफमध्ये क्रमानं लावले, तर पडताळणीसाठी विचारली जाणारी बहुतेक उत्तरं त्यात मिळतात.

ज्यांना ना निधी ना विमा, त्यांचं काय? दुकानातला सेल्समन, दवाखान्यातली आया, छोट्या वर्कशॉपमधला टर्नर यांचा पगार पूर्वी पाकिटातून यायचा आणि मागे काहीच उरायचं नाही. आता बऱ्याच ठिकाणी तो यूपीआयनं येतो आणि मालक व्हॉट्सअ‍ॅपवर कामाच्या सूचना देतो. ते मेसेज पुसू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. हजेरी कार्ड, गणवेश, ओळखपत्र यांचे फोटो काढून ठेवा. अशा माणसाला पुढची नोकरी लागते ती बहुधा कुणाच्या शब्दावर, म्हणून नेहमीचं गिऱ्हाईक, माल पुरवणारा व्यापारी, सोबतचा फोरमन यांच्याशी संबंध राखणं हीच त्याची खरी पुंजी.

एवढं जमवल्यावर पत्र मागायचं, आणि तेही चढत्या पायऱ्यांनी. पहिला मेल एचआरला: कर्मचारी क्रमांक, पद, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, राजीनाम्याची तारीख, कोणते कागद हवेत आणि कोणत्या दिवसापर्यंत. मजकूर छोटा ठेवा, तक्रारीचा सूर नको. अनुभवपत्राचा कच्चा मसुदा सोबत जोडला, तर काम बहुतेक वेळा लवकर होतं, कारण समोरच्याला फक्त सही करायची उरते. आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर त्याच मेलवर पुन्हा लिहा आणि विभागप्रमुखाला प्रत ठेवा. मग संचालकांच्या नावे, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पत्र. हा पत्ता आणि संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. फोनवर कितीही गोड बोलणं झालं, तरी त्यानंतर ‘आपण आज असं सांगितलंत’ एवढा मेल टाकावा.

यानंतर वकिलाची नोटीस. मोठ्या भांडणाआधीचा हा टप्पा बऱ्याचदा पुरेसा ठरतो, कारण नोटिशीला उत्तर देण्यापेक्षा पत्र देणं स्वस्त पडतं. तुम्ही कायद्याच्या अर्थानं कामगार असाल, तर विभागातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. इथे पदनामावर जाऊ नका. कार्डावर मॅनेजर लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात काम लिखापढीचं किंवा तांत्रिक होतं का, हे पाहिलं जातं. खरोखर व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना, तसंच देखरेखीचं काम करून महिना 18 हजारांहून अधिक पगार घेणाऱ्यांना हा रस्ता बंद असतो. त्यांना दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे वेळ फार जातो. म्हणून नोटिशीच्या टप्प्यावरच तडजोड करावी, असा माझा सल्ला आहे.

हे चाललेलं असताना नव्या कंपनीला अंधारात ठेवू नका. पडताळणीत उघड होण्याआधी तुम्हीच सांगितलं की आधीची कंपनी पत्र देत नाही, हे राजीनाम्याचे मेल, ही सर्व्हिस हिस्टरी, हे 26एएस, ही मी पाठवलेली पत्रं, तर समजूतदार एचआर ते स्वीकारतो. असे प्रसंग त्यांच्या रोजच्या कामातले असतात. जुन्या मालकाबद्दल कडवट बोलू नका, घटना तारखेनिशी सांगा. रेफरन्ससाठी कंपनीचंच माणूस हवं असंही नाही. ती कंपनी सोडून गेलेले तुमचे जुने वरिष्ठ, तुम्ही ज्यांचं काम केलं तो ग्राहक, दुसऱ्या विभागातले सहकारी हे सगळे वैयक्तिक नात्यानं बोलू शकतात. त्यांना आधी विचारा आणि कोणत्या कामाबद्दल फोन येईल, हे सांगून ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री या स्थलांतराच्या मार्गासाठी लागणाऱ्या पत्रात पदनाम आणि तारखांसोबत कामाची कर्तव्यं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा लागतो. आपल्या कंपन्यांचं छापील चार ओळींचं अनुभवपत्र तिथे अपुरं पडतं आणि वेगळं पत्र द्यायला त्या तयार नसतात. अशा वेळी पत्र का मिळालं नाही याचं सविस्तर स्पष्टीकरण, पत्र मागितल्याचे मेल, वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि पगाराचे पुरावे एकत्र द्यावेत. निर्णय मात्र अधिकाऱ्याच्या हाती असतो. ऑस्ट्रेलियात संगणक क्षेत्रातल्या अनुभवाचं मूल्यमापन करणारी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी सहकाऱ्याचं किंवा वरिष्ठाचं असं प्रतिज्ञापत्र पगाराच्या पुराव्यासह विचारात घेते, पण उमेदवारानं स्वतःबद्दल केलेलं नाही. कंपनीच बंद पडली असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची तिच्या स्थितीची नोंद जोडावी. ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल, तर कागदपत्रं त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाच्या ताब्यात असतात, पत्र त्याच्याकडे मागावं.

कुणी कन्सल्टन्सीवाला पैशांत अनुभवपत्र करून देतो म्हणाला, तर त्या वाटेला जाऊ नका. 2022 मध्ये अ‍ॅक्सेंचरनं बनावट अनुभवाची कागदपत्रं दिलेल्या भारतातल्या कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. अशा कागदाला ना सर्व्हिस हिस्टरीचा आधार असतो ना 26एएसचा, त्यामुळे तो आज ना उद्या उघडा पडतो. खरा अनुभव असलेल्या माणसानं खोट्या कागदामुळे तो गमवावा, यापेक्षा वाईट काय?

आणि जुना मालक पत्र न देण्यावर न थांबता तुमच्याबद्दल खोटं सांगत असेल तर? सद्भावनेनं दिलेला प्रामाणिक अभिप्राय, तो प्रतिकूल असला तरी, कायद्यानं संरक्षित असतो. जाणूनबुजून खोटं सांगणं मात्र बदनामी आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली तो गुन्हा ठरतो. पडताळणी अहवालातला प्रतिकूल शेरा नव्या कंपनीकडून लेखी मागून घ्यावा आणि जुन्या कंपनीला पुराव्यासह दुरुस्तीची मागणी करावी. आधी दुरुस्ती, मग दावा, हा क्रम बरा.

शेवटी दोन विनंत्या. आज नोकरीत असलेल्यांनी या रविवारी बसून वेतनचिठ्ठ्या, नेमणूकपत्र, पीएफचं पासबुक आणि 26एएस आपल्या खासगी संगणकावर उतरवून घ्यावं, नोकरी सोडायचा विचार असो वा नसो. आणि माणसं कामावर ठेवणाऱ्यांनी, लहान असोत की मोठे, हिशेबाचा किंवा बाँडचा वाद असेल तर तो वेगळा चालवावा, पण केलेल्या कामाचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी द्यावं.